शिट्टी वाजवायची नाही

वटवाघळाची आई शेकडो पिल्लांच्या लेंढारातून आपलं पोर नुसत्या आवाजावरून हुडकून काढते. तो आवाज रेडिओवर ऐकवायचा, एवढ्यासाठी ही मोहीम निघाली होती.

मावशी दर आठवड्याला रेडिओवर निसर्गाच्या गोष्टी सांगायची. 'मावशी' हे नाव श्रोत्यांनी दिलेलं. पुढे केंद्रातले साहेबही तेच म्हणू लागले, तेव्हा तिनेही खऱ्या नावाचा नाद सोडला. मुंग्यांवर, घुबडांवर, शेवाळावरसुद्धा बोलून तिने लोकांना विरघळवलं होतं. वटवाघळांनी मात्र तिला हात टेकायला लावले. त्यांना मारू नका म्हणून ती घसा कोरडा करायची आणि श्रोते उलट टपाली कळवायचे, मावशी, तुमचं बाकी सगळं पटतं, पण या अवलादीला आम्ही धूर देऊनच हाकलणार. शेवटी तिच्या ध्यानात आलं, की सांगून भागणार नाही. आई पोराला हाक मारते ती एकदा यांच्या कानावर पडली पाहिजे, मग धूर करणारा हात थोडा तरी थबकेल.

तिच्याबरोबर होता तिचा धाकटा दीर. हा केंद्रातला ध्वनिमुद्रक. हेडफोन कानाला लावले की त्याला घरदार आठवायचं नाही. वाट दाखवायला वटवाघळांवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकबाई होत्या, चण एवढीशी आणि जीभ लवंगी मिरचीची. आणि गाडी चालवायला मावशीचे यजमान.

गुहेचं तोंड टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्याला अगदी खेटून होतं. आत शिरायला पोटावर सरपटत जायचा बोळ, आणि बोळ संपला की नाटकगृहाएवढं काळंकुट्ट दालन. यजमानांना बाहेर बसवून गळ्यात शिट्टी अडकवली होती. ओढ्याचं पाणी चढलं तर वाजवायची, एवढंच काम. पण दीर नाक मुरडू लागला. शिट्टी दगडातूनही आत येते, ऐन हाकेच्या वेळी वाजली तर सगळं मुसळ केरात, असं त्याचं म्हणणं. आभाळ लख्ख होतं. मावशीलाही पटलं.

"अहो, काही झालं तरी शिट्टी वाजवायची नाही," तिने बजावलं.

यजमानांनी मान डोलावली. जादा सेलची डबीही बोळाच्या तोंडाशीच राहिली, कारण ती खुळखुळ वाजायची. आवाज पकडायला निघालेली माणसं! आवाजाच्या भीतीने जीव वाचवायच्या दोन्ही वस्तू बाहेर ठेवून आत गेली.

दुपारभर ती तिघं दालनात मुक्याने बसून राहिली. वर छताच्या भेगांत वटवाघळं गच्च झोपलेली. खोकला आला तर बाहीत तोंड खुपसायचं, पाय अवघडला तर अवघडू द्यायचा. माणसाला ऐकू न येणारा वटवाघळांचा आवाज ऐकू येण्याजोगा करणारं एक यंत्र प्राध्यापकबाईंच्या मांडीवर होतं. तेही गप्प होतं. दिराने गुहेची शांतता तेवढी मुद्रित केली. त्याच्या मते ती फार चांगल्या प्रतीची होती.

मग तो एकदम ताठ झाला. चेहरा उजळला. माईक बोळाकडे वळवून हळूच म्हणाला, "वहिनी, पाण्याचा काय गोड आवाज येतोय!"

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मावशीकडे पाहिलं. हेडफोन त्याच्या कानांवरून गळ्यात घसरले.

तिघं बोळाकडे धावली. बोळ नव्हता! जिथून ती सरपटत आली होती तिथे गढूळ पाणी गरगरत होतं, आणि बघता बघता दालनाच्या कडेवर चढत होतं. डोंगरापलीकडे कुठेतरी ढग फुटला होता. इथल्या आभाळाने त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. दिराने बूट काढले, कमरेला दोर बांधला, डोक्यावरचा दिवा घट्ट केला आणि श्वास भरून बुडी मारली. मावशीने त्याच्या कमरेचा दोर दोन्ही हातांनी धरला. दोर ताणला. सैल पडला. पुन्हा ताणला! बायांनी पाय रोवून ओढलं आणि तो खोकत, ठेचकाळत वर आला. दिवा पाण्याने नेला होता.

"उलटा लोंढा आहे, आतच ढकलतोय," तो धापा टाकत म्हणाला. "वहिनी, दादा तिथेच बसला असेल का गं?"

दादा तिथेच बसला असणार हे दोघांनाही ठाऊक होतं. तो माणूस बाजारात उभं केलं तर दुकानं बंद होईपर्यंत उभा राहणाऱ्यातला.

तिघं उंच दगडावर चढली. पाणी मागून येतच होतं. उरलेल्या दोन दिव्यांतला एक पिवळा पडला, मग विझला. दुसरा त्याच वाटेवर होता. अंधाराला तिथे वजन होतं, तो छातीवर बसायचा. मावशीला घरातल्या फुटकळ गोष्टी आठवू लागल्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, अर्धी राहिलेली भाजीची जुडी. आपण बुडून मेलो तर पहिली शिवी नवऱ्याला देऊ असं तिने ठरवलं, आणि लगेच तिला रडू आलं, कारण शिवीवर त्याचा हक्क नव्हता. ती तिची होती, शिट्टी नको म्हणून तिनेच बजावलं होतं.

तेवढ्यात प्राध्यापकबाईंच्या मांडीवरचं यंत्र टिकटिकलं.

एकदा. दोनदा. मग तव्यावर मोहरी तडतडावी तसं! वर वटवाघळं जागी होत होती. प्राध्यापकबाई घाईघाईने बोलू लागल्या, की एवढा मोठा थवा सरपटायच्या बोळातून जात नसणार. त्यांचा दुसरा रस्ता आहेच. वर्षभर शोधूनही तो आपल्याला सापडलेला नाही. पण संध्याकाळी ती त्याच रस्त्याने निघतील, आणि हे यंत्र ज्या दिशेला मोठ्याने वाजेल तिकडे आपण जायचं.

एवढं बोलून होतंय तोच यंत्राची तडतड मंदावली. सेल संपत आले होते. दिव्याचेही. चालू सेल उरले होते ते फक्त रेकॉर्डरमध्ये, आणि नेमके आत्ताच छतावरून ते आवाज येऊ लागले होते ज्यांच्यासाठी सगळी खटपट केली होती.

दिराने रेकॉर्डर छातीशी धरला.

"भावजी," मावशी म्हणाली, "काढा."

"वहिनी, एकच मिनिट."

"पाणी माझ्या घोट्याला लागलंय."

त्याने सेल काढले. ते दिव्यात घालायचे की यंत्रात, यावर क्षणभरच विचार झाला. दिवा भिंत दाखवेल, वाट नाही. शिवाय वाटेत पिल्लं असतील, उजेडाने बिचकून खाली पडतील, असं प्राध्यापकबाईंनी बजावलं. सेल यंत्रात गेले. उरलासुरला दिवाही मावशीने मालवला.

मग तिघं अंधारात चढू लागली. पुढे यंत्र, मागे हात धरलेली माणसं. आवाज मोठा झाला की पाऊल टाकायचं, लहान झाला की मागे यायचं. गुडघे सोलले. एका फटीत मावशी कमरेशी अडकली! पुढून प्राध्यापकबाई ओढताहेत, मागून दीर लाज सोडून ढकलतोय, आणि मावशी दातांत ओठ धरून गप्प. ओरडली तर पिल्लं घाबरतील ना!

फटीपलीकडे पाळणाघर होतं. दिसत काहीच नव्हतं. यंत्रातून मात्र एक हाक आली, बारीक, वरून खाली घसरणारी. चहूबाजूंनी पिल्लांचा किलबिलाट उसळला. तीच हाक पुन्हा आली. कुठून तरी एकाच पिल्लाने उत्तर दिलं, आणि दोन्ही आवाज एकमेकांजवळ सरकत सरकत एका जागी आले आणि थांबले.

दिराचा हात सवयीने रेकॉर्डरच्या बटणावर गेला, मावशीला तो अंधारातही जाणवला. बटण दाबलं गेलं. काहीच झालं नाही. तो नाक ओढत म्हणाला, "चला."

पंखांचा वारा कानशिलांना घासू लागला. पुढे राखाडी ठिपका दिसला. ठिपक्याचं आभाळ झालं! तिघं झुडपांतून टेकडीच्या माथ्यावर बाहेर पडली आणि गवतावर आडवी झाली. डोक्यावरून थवा धुरासारखा निघून चालला होता.

खाली शिट्टी वाजत होती.

मावशी उठून कड्याशी गेली. ओढ्यात छातीएवढ्या पाण्यात, एका हाताने झाडाची मुळी धरून यजमान उभे होते. बुडालेल्या गुहेच्या तोंडाकडे वाकून ते शिट्टी फुंकत होते, थांबत होते, कान देत होते, पुन्हा फुंकत होते.

दिराने सेल परत रेकॉर्डरमध्ये घातले. माईक खाली रोखला. ओठांवर बोट ठेवलं.

"आधी माझा नवरा," मावशी म्हणाली, आणि फुटक्या आवाजात हाक मारली, "अहो!"

शिट्टी मध्येच तुटली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. त्या अंधुक उजेडात, पाण्याच्या त्या गोंगाटात, थेट माथ्याकडे मान वर केली.

नंतर गाडीत, चाक दिराच्या हाती देऊन, तिची शाल पांघरून कुडकुडत ते म्हणाले, "पाणी चढायला लागलं तेव्हाच शिट्टी तोंडात धरली होती. पण तू नको म्हणाली होतीस. वाजवेपर्यंत बोळ भरला, आवाज पाण्यातच विरला."

"जन्मभर माझं एक ऐकलं नाहीत," ती म्हणाली, "आणि आजच बरं सुचलं." मग त्यांचा गार हात तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि केंद्रापर्यंत सोडला नाही.

कार्यक्रम ठरल्या वेळी लागला. मावशीने श्रोत्यांना सरळ सांगितलं, की ती हाक आम्ही ऐकली, पण तुमच्यासाठी आणता आली नाही. टेकडीवरचं ते तोंड कुठे आहे हेही सांगणार नाही. त्याऐवजी दुसऱ्या एका प्राण्याचा आवाज ऐका. मग शिट्टी वाजली, थांबली, वाजली. एक हाक आली, आणि शिट्टी तुटली.

त्या आठवड्यात आलेल्या पत्रांत धुराचं कुणी काही लिहिलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं होतं: यजमान बरे आहेत ना?