उसवलेलं गाण्यांचं पुस्तक

ही घटना माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी कुणाची मनधरणी करणार नाही. मला स्वतःला आज संध्याकाळी पुन्हा त्या खोलीत जाऊन बसायचं आहे, एवढंच सांगतो.

नऊ वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. ओहायो नदीकाठचं आमचं गाव. नदीच्या कडेला बर्फ धरलेला आणि भर दुपारीही घरात दिवे लावलेले.

माझी थोरली बहीण रोवेना तेव्हा गावातल्या ग्रंथालयाच्या तळघरात काम करायची. जुन्या गाण्यांचे छापील कागद, सर्कशीच्या जाहिराती, नाटकांची हँडबिलं, सेंटभर किमतीला रस्त्यावर विकलेल्या कविता... लोक जे दुसऱ्या दिवशी चुलीत घालायचे, ते जपणं हे तिचं काम. नवरा सोडून गेलेला. लेक टेसी वर्षाची. त्या पोरीवर तिचा जीव टांगलेला असायचा.

त्या दिवशी एका जुन्या घरातून चामडी बांधणीचं एक पुस्तक आलं.

पूर्वी आमच्याकडच्या बायका गाण्यांचे सुटे कागद विकत घ्यायच्या, मग आपल्याला हव्या त्या क्रमाने ते एकत्र शिवून घ्यायच्या आणि वर सोनेरी अक्षरांत आपलं नाव घालायच्या. या पुस्तकावर नाव होतं, ऑगस्टा पेंडर.

तळघराचे साहेब होते लिंडक्विस्ट. त्यांनी पुस्तक हातातही घेतलं नाही.

"उसव ते. आपल्याकडे गाणी शीर्षकाप्रमाणे लागतात, बाईसाहेबांच्या लहरीप्रमाणे नाही."

"क्रम लिहून ठेवू का, साहेब?"

"कशाला? परत शिवायला बसणार आहेस?"

रोवेनाने शिवण कापली. कागद सुटे झाले आणि शीर्षकाप्रमाणे वेगवेगळ्या खोक्यांत गेले. एका गाण्याची स्वच्छ प्रत आधीच ग्रंथालयात होती, म्हणून पुस्तकातली डागाळलेली प्रत तिने रद्दीच्या पोत्यात टाकली. तिथे तसाच नियम होता. पोतं संध्याकाळी कागदाचा लगदा करणाऱ्या कारखान्याच्या गाडीत गेलं.

कागद खोक्यांत ठेवून ती टेबलाशी परत आली, आणि मागच्या रॅकमधून आवाज आला.

कुणीतरी गुणगुणत होतं...

बाईचा आवाज. हळू, दमलेला.

आणि मध्येच तुटला.

"आज स्वारी खुशीत दिसतेय," शेजारच्या टेबलावरून हॅटी म्हणाली.

"मी नाही गं. मला वाटलं तू."

"मी? माझं गाणं ऐकून माझं मांजर घर सोडून गेलंय, बये."

दोघी हसल्या. मग आवाज पुन्हा आला... आणि त्याच जागी पुन्हा तुटला. यावेळी कुणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी टेसी झोपली नाही.

रडत नव्हती. रोवेना सांगायची, रडली असती तर बरं वाटलं असतं. पोर पाळण्यात उताणी पडलेली, डोळे टक्क उघडे. दाराकडे बघत होती. कुणाची तरी वाट बघावी तशी...

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

डॉक्टरांनी तपासलं. औषध दिलं, पण डोळा लागेना. वजन उतरू लागलं. पुढे काय होईल ते डॉक्टर तोंडाने बोलले नाहीत, पण रोवेनाला कळलं. अशी जागी राहिली तर पोर हातची जाणार.

थकून एका संध्याकाळी तिने नकळत त्या पुस्तकातलं एक गाणं गुणगुणलं.

टेसीचे डोळे मिटले!

गाणं संपलं... डोळे उघडले.

रोवेनाने पुस्तकातलं आठवेल ते दुसरं गाणं धरलं. पोरीचं अंग लाकडासारखं ताठ झालं. तिसरं गाणं धरलं, तसंच. चौथ्याला मात्र डोळे पुन्हा मिटले. ते पुस्तकात पहिल्या गाण्याला लागूनच होतं, एवढं तिला आठवत होतं.

तेव्हा तिला कळलं. पोरीला झोपायला ही गाणी लागत होती, पण पुस्तकातल्या क्रमानेच. आणि तो क्रम तिने स्वतःच्या हाताने कापून टाकला होता.

दुसऱ्या सकाळी तिने सगळी खोकी उपसली. हॅटी मदतीला आली.

"नावं वाचू नकोस," हॅटी म्हणाली. "डाग बघ."

पुस्तकावर कधीतरी पाणी सांडलं होतं. वरच्या कागदावर मोठा डाग, खालच्यावर त्याहून लहान, त्याखाली आणखी लहान. दोघींनी डागावरून कागद एकाखाली एक लावत आणले. सगळं जुळलं.

फक्त मधोमध एका जागी डाग एकदम लहान झाला. तिथला एक कागद नव्हता.

"पोत्यात गेला तो," रोवेना म्हणाली. "कुठलं गाणं होतं गं ते?"

हॅटीला माहीत नव्हतं. रद्दीत टाकलेल्याची नोंद कुणीच ठेवत नसे. खोक्यातल्या स्वच्छ प्रती शेकड्यांनी होत्या, त्यातली नेमकी कुठली, हे सांगणार कोण?

रोवेनाने कागदांच्या झेरॉक्स काढल्या आणि संध्याकाळी पाळण्याशी बसली. पहिल्यापासून गायला लागली. टेसीचे डोळे मिटले ते मिटलेलेच राहिले. मग ती मधली जागा आली.

रोवेना थांबली. तिच्याकडे गायला काहीच नव्हतं.

खोलीत दुसरं कुणी नाही...

आणि पाळण्यातून गुणगुणणं आलं.

वर्षाची पोर ती. "मामा"सुद्धा धड म्हणता येत नव्हतं. ओठ मिटलेले, डोळे मिटलेले. अख्खं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्या बाईच्या दमलेल्या आवाजात...

तळघरातला आवाज.

गाणं संपल्यावर रोवेनाने पुढचं गाणं घेतलं. शेवटचं गाणं संपेपर्यंत टेसी गाढ झोपली होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. फोनवर रेकॉर्ड करून लावून बघितलं, चालत नाही. समोर बसून गावं लागतं. टेसी दहा वर्षांची आहे, शाळेत हुशार आहे, सकाळी तिला काही आठवत नाही. आईने त्या जागी थांबायचं, आणि ती अनोळखी बाई गाणार. रोवेनाला त्याचीही सवय झाली होती.

मग यंदा तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं.

तिने मला बोलावून घेतलं. "ग्लेन, तुझा गळा म्हणजे गंजलेलं फाटक आहे, मला माहितेय. पण माझ्याकडे दुसरं कुणी नाही. शिकून घे."

मी शिकलो.

परवा सकाळी तिचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी मी टेसीच्या पलंगाशी बसून गायलो. पोरीने डोळे मिटले, माझा जीव भांड्यात पडला. मधल्या जागी थांबलो.



मग टेसीच्या मिटल्या ओठांतून गाणं आलं. आवाज दमलेला नव्हता, अनोळखी तर मुळीच नव्हता.

तो रोवेनाचा होता.

मी कशीबशी पुढची गाणी म्हटली. टेसी झोपली.

काल इस्पितळात गेलो. रोवेनाच्या गळ्याला पट्ट्या, हातात पाटी. तिने लिहिलं, "झोपली?"

मी मान डोलावली.

"मधल्या जागी?"

"नेहमीसारखंच," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून तिला ठाऊक आहे. तिने पाटी पुसली आणि दोनच शब्द लिहिले.

"माझा ना?"