नदीला पालक हवा

पालकाची एक जुडी, पाणी मारलेली.

एकशे चौदा किलोमीटर लांब नदी.

जिन्यावर दोन-दोन पायऱ्या ओलांडत येणारे बूट, डाव्याची लेस सुटलेली.

उपसंपादिकेने मान वर केली तेव्हा ते बूट तिच्या टेबलापाशी थांबले होते. बुटांत एक वकील होता – पावसात भिजलेला, धापा टाकणारा. त्याने आजच्या अंकाचं पान तीन तिच्यापुढे आपटलं.

"'नदीला पालक हवा'. मथळा बरोबर. पण खाली फोटो भाजीचा?"

तिने ओठ चावला. हसू येत होतं.

"पालक म्हणजे सांभाळणारा, बाईसाहेब! नदीला तोंड नाही, म्हणून तिच्या वतीने बोलणारा. नदीच्या हक्कांच्या खटल्याची उद्या सुनावणी आहे. समोरचे वकील हे कात्रण नाचवून अख्खं कोर्ट हसवणार."

"मग तुम्हीही हसा..."

"हसलो की सकाळी. चहा नाकातून आला. पण तिचं काय?"

"तिचं?"

"नदीचं."

किती सहज म्हणाला – तिचं! इथे आठवडाभर नुसत्या कोट्या चालल्या होत्या. नदीला हक्क? मग तिला सासरही बघा. त्यातल्या दोन कोट्या हिच्याच.

"दुरुस्ती छापा. पहिल्या पानावर."

ती पेनाचं टोपण काढत राहिली, लावत राहिली. दुरुस्ती म्हटली की संपादकसाहेब विचारणार, फोटो कुणी लावला? आणि तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते शुक्रवारी ठरणार होतं.

"लावणारा सापडला तर काय कराल?"

"चांगला झापेन. कुठाय तो गाढव?"

"गाढव नाही..." ती उभी राहिली. "गाढवीण. तुमच्या समोर."

तो बघतच राहिला. कान लाल. केसांतलं पाणी नाकावरून ओघळलं, ते पुसायचंही भान नाही.

"मग झापणं – जरा पुढे ढकलू."

"वकील ना तुम्ही. तारीखच देणार!"

"उद्या. सुनावणीनंतर... याल?"

तिने वळून साहेबांच्या खोलीचं दार ढकललं.

"साहेब, पहिल्या पानावर चार ओळींची जागा हवी. चूक माझी आहे, नावही माझंच टाका."

साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. काचेपलीकडे वकील वाकून लेस बांधत होता – दोनदा चुकला.

"येते," ती दारातूनच त्याला म्हणाली.

नदीला पालक मिळाला पुढच्या वर्षी, या दोघांच्या लग्नानंतर दोन महिन्यांनी.

त्या शुक्रवारी तिला कायम केलं नव्हतं.