आण्णांचा हुंकार

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला मेलीला लिहिता येत नाही. मी सांगतेय, सून लिहून घेतेय. पण शब्द न् शब्द खरा आहे.

साल १९७३. दुष्काळातला चैत्र. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव. आणि रात्र नाही बरं, भर दुपार.

माझे वडील रंगनाथआण्णा मठांसाठी जुन्या पोथ्या हातानं नव्यानं लिहून द्यायचे. नजर अधू झाली, तशी माझी धाकटी बहीण राही जुनी पोथी वाचायची आणि आण्णा बोरूनं लिहायचे. ओळ लिहून झाली की म्हणायचे, "हं." मग राही पुढची वाचायची. वाचून झालेलं पान पालथं ठेवायची.

त्या चैत्रात राही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. ऊन लागलं. दोन दिवसांत गेली पोर.

पोथी अर्धीच राहिली. जुनी पोथी मीच फडक्यात बांधून फळीवर ठेवली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी चूल सारवत होते...

"हं."

मग बोरूची करकर.

जरा वेळ सामसूम... पुन्हा "हं."

बाहेर येऊन बघते तर ओसरीवर आण्णा एकटेच. पोथी फळीवर, गाठ तशीच.

म्हटलं, पाठ असेल. मनाची समजूत, दुसरं काय!

महिनाभर हेच. आण्णांच्या पोटात अर्धी भाकरसुद्धा जाईना, नुसता सापळा उरला. मग लिहिणंच थांबलं. एकच पान राहिलेलं. कधी शाई पातळ म्हणत, कधी बोरू चिरला म्हणत.

मी फळीवरची गाठ सोडली...

सगळी पानं पालथी. शेवटचं तेवढं उताणं.

मी बांधली तेव्हा निम्मी उताणी होती हो!

अंगावर सर्रकन काटा आला. पण बापाची काळजी जास्त. चिडून म्हटलं, "आण्णा, संपवा की एकदाचं. दोन घास खावा."

"अजून हाय ती," आण्णा म्हणाले. "लिहून संपलं की जाईल गं."

मी ऐकलं नाही. शाई घोटून पुढ्यात ठेवली, गळ्याची शपथ घातली. त्यांनी ते पान लिहिलं. म्हणाले, "हं."

थांबले.

"हं..."

दिवेलागणीपर्यंत तेवढंच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जिवाला लागलंय.

मठातल्या गोरक्षनाथबुवांनी दोन्ही पोथ्या ताडून पाहिल्या. एक अक्षर चुकलं नव्हतं.

आज हे सांगताना एकेक ओळ झाली की मी थांबते. तेव्हा कोपऱ्यातून...

"हं."

सुनेला विचारलं, तू म्हणालीस का? नाही म्हणाली. म्हणते, आत्याबाई, संपवा आता.

कसं संपवू? संपलं की आण्णा जातील.