भाईच्या मागची सीट

काम साधंच होतं. अल रीमहून आलेल्या एका कुटुंबाची क्वाड, म्हणजे वाळूत पळवायची चार चाकांची बाइक, आदल्या संध्याकाळी वाळूत बंद पडली होती, ती ओढून आणायची. मॅनेजर सुजीतने बजावलं होतं, धुकं विरल्याशिवाय निघू नकोस. अफनानने मान हलवली आणि पहाटेची फजरची नमाज होताच क्वाड चालू केली. रास अल खैमाच्या त्या डेझर्ट कॅम्पवर त्याला आवरू शकणारा माणूस एकच होता, त्याचा थोरला भाऊ शौकत. तो आता इथल्याच कबरस्तानात होता. दापोलीला बसलेल्या आईला त्याचा चेहरासुद्धा शेवटचा बघता आला नव्हता.

अफनानच्या पिशवीत दोर होता, पाना होता, आणि सुजीतला न सांगता उचललेली तार कापायची मोठी कात्री होती.

वाटेचं भांडण अफनानच्या येण्याआधीपासूनचं. क्वाडची जुनी वाट उंटांच्या फार्मला चिकटून जायची. कॅम्पच्या पाहुण्यांचं एक वेळ चाललं असतं, पण सुट्टीच्या दिवशी दुबईहून मोटर-क्लबवाले आपल्या वाळूवर पळवायच्या बग्गी गाड्या घेऊन यायचे आणि सगळं रान डोक्यावर घ्यायचे. उंट बुजून पळायचे. एकदा गाभण सांडणी पळता पळता पडली आणि तिचं पिल्लू गेलं. फार्मचा अरबी मालक, ज्याला सगळे अरबाब म्हणत, तो चिडला. जमीन माझी, वाट बंद, म्हणाला. क्लबवाले म्हणाले, वाळवंट कुणाच्या बापाचं नाही. मग अरबाबने दोन टेकाडांच्या मधल्या खिंडीत छातीच्या उंचीवर पोलादी तार ताणून घेतली.

ती बांधली सोमनाथने. सोमनाथ सांगोल्याकडचा धनगर, उंटांचा राखणदार. दिसावी म्हणून त्यानेच तारेवर पांढऱ्या चिंध्या बांधल्या होत्या. क्लबच्या पोरांनी रागाच्या भरात त्या ओढून टाकल्या. आणि पुढच्याच धुक्याच्या सकाळी शौकतला तार दिसली नाही; तो तिच्यावर आदळून गेला.

कॅम्पवर सगळे क्लबच्या पोरांना शिव्या घालत. अफनान म्हणायचा, चिंध्यांचं सोडा, तार कुणी बांधली ते बोला. पण खरं सांगायचं तर सोमनाथवरचा त्याचा राग त्या तारेहून जुना होता. कॅम्पच्या क्वाडसाठी फार्मपासून लांबून दुसरी वाट काढायची, असं शौकत आणि सोमनाथने मिळून ठरवलं. वाट ठरली, तरी शौकतचं तिकडे जाणं थांबलं नाही. रोज संध्याकाळी दोघं उंटिणीच्या दुधाचा चहा पीत बसायचे. परत आला की तोंडात सोमनाथच. सोमनाथ असं म्हणाला, सोमनाथला वाऱ्याचं कळतं. इकडे अफनान दोन ताटं झाकून बसलेला असायचा. याच भाईने त्याला इथे बोलावून घेतलं होतं, मागच्या सीटवर बसवून वाळू शिकवली होती. आणि एक दिवस म्हणाला होता, आता तुझा तू चालव.

त्यात परवा कॅम्पचा आचारी बदरुद्दीन कुजबुजला. धुकं असलं की तारेपाशी शौकतची क्वाड ऐकू येते. सोमनाथ तिथे बसून त्याच्याशी बोलतो.

ऐकणाऱ्यांनी कुराणातल्या आयती पुटपुटल्या. अफनानला भीती वाटली नाही. त्याच्या अंगाची आग झाली. कबरीपाशी रोज तो बसत होता. भाईचा शर्ट अंगात घालून तो झोपत होता. त्याला एक स्वप्नसुद्धा पडलं नाही. आणि भाई जातो कुणाकडे, तर त्या सोमनाथकडे.

धुकं एवढं दाट होतं की हेडलाइटचा उजेड चाकापुढेच सांडत होता. वाळू ओली, गार. कुठेतरी उंट रवंथ करत होते, तो ओला, जड आवाज अगदी कानाशी आल्यासारखा वाटे आणि पुन्हा लांब जाई. शेणाचा आणि धुराचा वास आला तेव्हा अफनानने इंजिन बंद केलं.

तारेपाशी बॅटरीचा दिवा ठेवून सोमनाथ बसला होता. समोर दोन कप. दुसऱ्या कपातून वाफ येत होती.

"कापायला आलास?" त्याने कात्रीकडे बघत विचारलं. "काप. अरबाबपण खलास, काढून टाक म्हणालाय. माझाच हात होईना."

कात्री अफनानच्या हातात तशीच राहिली. "दुसरा कप कुणाचा?"

"तुला म्हायतंय."

"भाई माझा होता. तुझा कोण लागत होता तो?"

सोमनाथने दुसरा कप तारेजवळ सरकवला. मग हळूच म्हणाला, "माझ्यासाठी येत न्हाई रं तो. तुझी चौकशी करायला येतो. अफनान आला का, एवढंच इचारतो. दुसरं काय न्हाई."

तेवढ्याने अफनान क्षणभर निवला, आणि मग दुप्पट पेटला. "आणि तू मला बोलावलं नाहीस?"

"कसा बोलवू? त्या गाडीवर बसून कोण माघारी येतंय का? मी आपला म्हणायचो, अजून न्हाई आला. मग जायचा." सोमनाथ तारेवरून हात फिरवत राहिला. "पण काल... काल लई रडत होता. माझ्यानं ऐकवंना. म्हटलं, आलाय की, तुझ्या मागंच बसलाय, ने घरी. एकदा समाधान झालं की सुटंल, असं वाटलं मला. आन् गेला. हसत गेला."

अफनान त्याच्या अंगावर धावून गेला असता. पण तेवढ्यात आवाज आला.

तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. फुटक्या सायलेन्सरची ती घरघर तारेच्या पलीकडे आली आणि थांबली. पेट्रोलच्या वासात भाईच्या अत्तराचा वास मिसळला होता. धुक्यात एक काळी आकृती, हँडलवर किंचित वाकलेली.

"भाई," अफनान म्हणाला. "मी आलोय."

इंजिन तेवढं धडधडत होतं. मग पाहुण्याशी बोलावं तशा परक्या, सभ्य आवाजात शौकतने विचारलं,

"सोमनाथ... हा कोण?"

"शौकत, आरं... ह्योच अफनान."

"चेष्टा करतोस? अफनान माझ्या मागे बसलाय."

धुकं जरा हललं. भाईच्या खांद्यामागे आणखी एक डोकं होतं. दोन हात त्याच्या कमरेला घट्ट आवळलेले, पहिल्यांदाच क्वाडवर बसलेला माणूस आवळतो तसे.

अफनान घाबरला, पण ते नंतर. आधी त्याच्या मनात एकच आलं.

"उतर," तो म्हणाला. "ती माझी जागा आहे."

तो तारेखालून घुसायला वाकला. सोमनाथने त्याला मागून मिठी घातली, दोघं वाळूत पडले. आणि पलीकडून, मागच्या सीटवरून, अफनानच्याच आवाजात कुणीतरी लाडाने म्हणालं,

"चल ना भाई... उशीर होतोय. आई वाट बघत असेल."

क्वाड वळली. आवाज कॅम्पकडे गेला नाही. समुद्राच्या दिशेने गेला आणि विरला.

सोमनाथ काहीतरी बोलत होता, अफनानला ऐकू येत नव्हतं. त्याने फोन काढून घरी लावला. दापोलीत एव्हाना चांगलं उजाडलं असेल, आई उठलेली असेल. बराच वेळ रिंग वाजली. मग फोन उचलला गेला, पण आई फोनवर नव्हती. ती लांबून कुणाशी तरी बोलत होती. तिच्या आवाजात असं हसू त्याने भाई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

"बस रे अफनान, चहा टाकते. आणि भाईला आत बोलव ना, दारात का उभा ठेवलायस त्याला?"

मग आवाज जवळ आला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

अफनानने तोंड उघडलं. त्याला आपलं नाव सांगता येईना.