विंचूरच्या रकान्यातला हमाल

सप्टेंबर २००६. पंचवटीतल्या त्या अरुंद जिन्यावर तेव्हा एकच पाटी होती: 'खासगी चौकशी केली जाईल. सोयरिकीची चौकशी फक्त शनिवारी.' पाटी विमलाबाई पगारे यांची. तीस वर्षं मुलांना गणित शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या, पण उत्तराआधी रीत बघायची खोड काही गेली नव्हती. त्यांचा जुना विद्यार्थी रवी गांगुर्डे आजही तो जिना आठवला की हळवा होतो.

रवी आरोग्य खात्यात कारकून. दर सोमवारी जिल्ह्यातल्या दवाखान्यांकडून आलेले साथीच्या रुग्णांचे आकडे तो गावाप्रमाणे तक्त्यात भरायचा. तक्ता पुण्याला जायचा, पुण्याहून दिल्लीला. देशात कुठे कोणती साथ डोकं वर काढतेय, ते म्हणे त्यावरून कळायचं. आपल्या अक्षरातला आकडा दिल्लीत वाचला जातो याचा रवीला केवढा अभिमान! शनिवारी तो बाईंकडे चहाला आला की तक्त्याच्या गप्पा ठरलेल्या.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चहा अर्धाच राहिला. लताबाई धापा टाकत वर आली. माळी गल्लीच्या टोकाला तिच्या नवऱ्याचा, सहादूचा, म्हशींचा गोठा होता.

"बाई, परवा सोमवारी महापालिकेची माणसं गोठा हलवायला येणार हायेत. अकरा म्हशी घेऊन कुठं जाऊ मी? गल्लीतल्या तिघींना ताप आला, तो म्हणे आमच्या जनावरांमुळं. अंबूबाई तर लय आजारी हाय, डोळे पिवळेजर्द झालेत."

"ते खरं आहे, बाई," रवी म्हणाला. "लेप्टो आहे. कालच पुण्याहून रिपोर्ट आला. उंदरांच्या, गुराढोरांच्या मुतानं पाणी नासतं, आणि तेच पाणी जखमेतून, तोंडातून अंगात जातं. वखारवाल्या समाधानशेठनी तर मंगळवारीच तक्रार दिली होती, जनावरांच्या मुतातून ताप पसरतोय म्हणून. त्यांचंच बरोबर निघालं."

"तुझा तक्ता काय म्हणतो?"

"पंचवटी तीन, वणी शून्य, विंचूर एक. तो विंचूरचा एकवीस ऑगस्टचा आहे, संशयित. हमाल आहे कोणी. कांदा मार्केटमधला असणार, विंचूरला दुसरं काय!"

बाईंनी विंचूरच्या डॉक्टरांचा फोन नंबर तेवढा लिहून घेतला आणि चपला घातल्या.

गोठ्यात सहादू शेणामुताच्या चिखलात अनवाणी उभा होता. टाचा भेगांनी फुटलेल्या. "ताप? मला? दिवाळीपासून शिंकसुद्धा नाय आली बाई. हिलाबी नाय."

पुढच्या ओट्यावर गोजराबाई मोगऱ्याचा गजरा बांधत होती. तिची सूनही त्या तिघींतलीच.

"तिघी कामं काय करतात, गोजराबाई?"

"आम्ही सगळ्या गजरेवाल्या. झेंडूच्या माळा करणाऱ्या ठणठणीत हायेत बघा. त्यांचं सुईदोऱ्याचं काम. आमचं हे सोपट." तिनं केळीच्या खुंटाची ओली दोरी दाखवली. तिचं एक टोक तिनं पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं होतं.

"बाकीच्या टोक दातात धरतात ना?"

"हो. माझ्या तोंडात दात कुठं राहिलेत आता?" म्हातारी खुदकन हसली.

"आणि हे भिजवता कशात?"

"आता घरच्या बादलीत. नळ एक दिवसाआड येतो, म्हणून आधी वखारीमागच्या हौदात टाकायचो. शेठनी झाकण बसवलं, दहा-बारा दिवस झाले."

समाधानशेठच्या वखारीत डाळीची आणि गुळाची पोती छतापर्यंत रचलेली. शेठनी अगत्यानं खुर्च्या पुसल्या. मागच्या हौदावर नवं कोरं झाकण होतं, आणि ब्लीचिंग पावडरचा वास नाकात झोंबत होता.

"डास होतात हो बाई. सरकारच सांगतं ना, पाणी झाका म्हणून."

"सरकारचं ऐकणारा माणूस विरळाच. हमाल एकच दिसतोय?"

"दुसरा गावी गेलाय."

बाहेर पडल्यावर बाईंनी कोपऱ्यावरच्या बूथवरून एकच फोन केला. रवीनं विचारलं, तर म्हणाल्या, "उद्या सकाळी गोजराबाईच्या ओट्यावर ये. शेठलाही घेऊन ये, आणि तक्ता विसरू नकोस."

रविवारी सकाळी ओट्यावर सगळे जमले. बाई जणू फळ्यासमोर उभ्या होत्या.

"गोठ्यातनं ताप आला असता तर चिखलात उभा राहणारा सहादू आधी पडला असता. पडल्या त्या दातात सोपट धरणाऱ्या. झेंडूवाल्या वाचल्या, गोजराबाई दात नसल्यामुळं वाचली. म्हणजे दोष सोपटाच्या पाण्यात. ते पाणी हौदातलं, आणि वखारीत उंदीर काय कमी? आता शेठ, मला एवढंच सांगा. पुण्याचा रिपोर्ट शुक्रवारी आला. ताप जनावरांच्या मुतातून येतो, हे तुम्ही मंगळवारी कसं लिहिलंत?"

शेठचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी सांगते. तुमचा गावी गेलेला हमाल भिमाजी. गाव विंचूर. तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला सगळं समजावलं, तुम्ही त्याला बघायला गेलात तेव्हा. काल फोनवर त्यांनीच सांगितलं."

रवीनं तक्त्यातली विंचूरची ओळ पुन्हा वाचली. कांदा मार्केटचा हमाल! माणूस जिथं आजारी पडून झोपला, त्या गावाच्या रकान्यात त्यानं तो टाकला होता. राबतो कुठं, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"हौदात दोन उंदीर मरून पडले होते," शेठ पुटपुटले. "मी हौद धुतला, पावडर टाकली. पण बोललो असतो तर वखारीला सील लागलं असतं. या बायका पडल्या, आणि मी घाबरून गोठ्याचं नाव घेतलं."

"आठ दिवस डॉक्टर अंबूबाईला साध्या काविळीचं औषध देत होते," लताबाई ओरडली, "आणि तुम्ही गप्प बसलात?"

 दुपारी शेठनी सगळं लिहून दिलं, आणि सोमवारी गोठ्याला हात लागला नाही.

पण रवीला चैन पडेना. तो बाईंच्या जिन्यावरच बसून राहिला. "बाई, त्या एकवीस तारखेला मी ही ओळ पंचवटीत लिहिली असती, तर हौद तेव्हाच सापडला असता. तिघी पडल्याच नसत्या."

"नसत्या," बाई म्हणाल्या. त्या खोटं समाधान कधी करत नसत. मग त्याच्या शेजारी बसल्या. "तू चुकीचं लिहिलंस, म्हणून तुझे मार्क कापले. पण लिहिलं होतंस, म्हणून मला तपासता आलं. कोऱ्या पेपरात मी काय शोधणार होते?"

रवी तडक दवाखान्यात गेला आणि आपली चूक त्यानं अंबूबाईला स्वतःच्या तोंडानं सांगितली. तिनं पिवळ्या डोळ्यांनी त्याला न्याहाळलं. "मग आता मला कुठं लिहिणार, बाबा?"

"पंचवटीत, मावशी. गजऱ्याचं काम, असंही लिहीन."

"लिही," अंबूबाई म्हणाली, आणि बरी झालेय तेही पुढच्या सोमवारी लिहायला तिनं त्याला बजावलं.