केवड्याची उदबत्ती

चहा ठेवलाच आहे तर बसतो दहा मिनिटं, हेमलतावहिनी. गीझरचं काम झालं. बर्नर घासला, साबणाच्या फेसाने सांधे तपासले, ज्योत निळीशार केली. या लक्ष्मीबाई नगरातल्या निम्म्या क्वार्टरांतले गॅस गीझर माझ्या हाताखालून गेलेत. बत्तीस हिवाळे दिल्लीत काढले, पण या श्यामकांतने केलेलं काम पुन्हा करावं लागलं असं कोणी म्हणणार नाही. आपल्या तोंडाने सांगू नये म्हणतात, पण मग कोणी सांगायचं?

मघाशी मी गीझरच्या धुराड्याखाली पेटती उदबत्ती धरली, तेव्हा तुमची क्षिप्रा हसली. "काका, गीझरची पूजा करताय का?" हसू दे पोरीला. उदबत्तीचा धूर वर ओढला गेला, म्हणजे गीझरचा जळका वायू बाहेर जातोय. धूर खोलीत वळला, तर तो वायूही खोलीतच येतोय. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही, एवढंच.

ही रीत माझ्या गुरुजींची, नरसिंहरावांची. मूळचे ग्वाल्हेरचे, इथे दिल्लीत हिंदूराव भागात राहायचे. त्यांची उदबत्ती केवड्याची असे, उग्र, डोकं धरणारी. मी चंदनाची वापरतो. केवडा माझ्याने हातात धरवत नाही.

तेरा वर्षांपूर्वी गुरुजींचे हात कापायला लागले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हा स्वतःच्या घरचा गीझर त्यांनी मला करायला सांगितला. केवढा मान तो! दोन तास खपलो. शेवटी त्यांनी विचारलं, "धूर कुठे चाललाय?"

"वर, गुरुजी. सरळ वर."

"मग आता मी तपासायची गरज नाही," म्हणाले आणि पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच न्हाणीघरात अंघोळीला गेले आणि तिथेच संपले.

गुरुजींच्या बायकोने, सरलाकाकूंनी, मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी पोहोचलो तोवर दारं, खिडक्या, झरोका, सगळं सताड उघडलेलं होतं. तो गीझर मी सात वेळा खोलून पाहिला. चूक सापडेना. धंदा सोडायला निघालो होतो, पण हाताला दुसरं काही येत नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत पहाडगंजहून तेजश्रीचा फोन आला. हिंगोलीकडची मुलगी, मैत्रीण देवयानीबरोबर खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करणारी. म्हणाली, "काका, अंघोळ केली की आम्हा दोघींचं डोकं ठणकतं. देवयानी काल चक्कर येऊन पडली."

आठच दिवसांपूर्वी मी तो गीझर केला होता! तडक निघालो. सकाळचे अकरा वाजले होते, पण धुक्यामुळे गल्लीतले दिवे अजून चालू होते. चौथ्या मजल्यावर गेलो. खोली चकाचक, न्हाणीघरही पुसलेलं. पुन्हा सगळं तपासलं. ज्योत निळी. उदबत्तीचा धूर सरळ वर. उदबत्ती नळाखाली विझवून पिशवीत टाकली आणि ऐटीत म्हणालो, "गीझर बिल्कुल ठीक आहे. अभ्यासाने डोकी दुखतायत तुमची. जरा झोपत जा, यार."

तिघंही हसलो. मी जिना उतरायला लागलो. वाटेत एका बिऱ्हाडाने गीझर दाखवायला बोलावलं, त्यात वीस मिनिटं गेली.

दुसऱ्या मजल्यावर केवड्याचा वास आला.

आधी वाटलं, कोणाच्या देवघरातून येत असेल. पण खाली उतरावं तसा तो विरळ व्हायचा आणि एक पायरी वर चढली की दाट. तेरा... नाही, तेव्हा अकरा वर्षं झाली होती, पण तो वास मी विसरणार होतो का? माझे पाय आपसूक वर वळले. चौथ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा माझ्याने श्वास घेववत नव्हता.

तेजश्रीने दार उघडलं. "काय झालं, काका?"

"देवयानी कुठंय?"

"अंघोळीला गेलीय... तुम्ही गेलात तेव्हाच."

न्हाणीघराचं दार बंद होतं. दाराखालच्या फटीतून धुराची बारीक पांढरी रेघ बाहेर येत होती. वर नाही... जमिनीवरून, माझ्या पायांकडे. पाणी पडत होतं आणि आत दुसरा कसलाही आवाज नव्हता.

मी खांदा मारला. तिसऱ्या दणक्याला कडी निखळली. देवयानी भिंतीशी कोसळलेली, ओठ हलत नव्हते. पोरीला चादरीत गुंडाळून गच्चीवर नेलं. थंड हवेत बऱ्याच वेळाने तिने श्वास ओढला, मग रडली. त्या रडण्याइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही, वहिनी. दवाखान्यात दोन दिवस राहिली आणि वाचली.

गॅस बंद करायला आत गेलो. उदबत्ती कुठेच नव्हती. राखही नव्हती. वर पाहिलं, तर झरोक्यात गोधडीचा तुकडा गच्च कोंबलेला. हवा आत यायची वाटच बंद, म्हणून जळका वायू खोलीत उलटत होता.

"हा मघाशी नव्हता," मी म्हणालो.

तेजश्री रडत सांगू लागली, "थंडी फार वाजते ना... एरवी असतोच. तुम्ही येणार म्हणून दोन्ही वेळा काढून ठेवला. आपल्याकडचं माणूस येणार, घर बरं दिसायला नको?"

पोरीला दवाखान्यात पोहोचवलं. तिथून थेट सरलाकाकूंकडे गेलो आणि इकडचं तिकडचं बोलत विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "हो, असायचं की गोणपाट झरोक्यात. तू येणार म्हणून काढलं होतं, तू गेल्यावर पुन्हा लावलं. का रे?"

"काही नाही, काकू." खरं कारण मी त्यांना कधीच सांगणार नाही. माझं काम चोख होतं, हे मला कळलं, तेवढं पुरे. तेव्हापासून मी मान ताठ ठेवून चालतो. आणि प्रत्येक घरात आधी विचारतो, झरोक्यात एरवी काय असतं?

तुम्हालाही विचारलं. तुम्ही हसून म्हणालात, "छे हो, काही नाही."

वहिनी... चहा राहू द्या. तुमच्याकडे केवड्याची उदबत्ती लावता का?

नाही ना...

क्षिप्रा कुठंय?