मोज्यातली दोन अंडी

मंगळवारी रात्री मला झोप लागली नाही, ती दोन अंड्यांमुळे. आधीच सांगते, माझी झोप उडायला फारसं काही लागत नाही. मुलगी खोकली की झोप उडते, आणि खोकली नाही तर का खोकत नाही म्हणून उडते. नवरा म्हणतो, "लोक बागकाम करतात, तू काळजी करतेस. छंदच तो तुझा." पण मंगळवारचं कारण खरं होतं. मी चोरी केली होती. तीही सासऱ्यांच्या घरात, आणि पोटच्या पोरीच्या वाट्याची.

आमच्या गच्चीवर बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, कबुतरांची ढाबळ आहे. सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी एक जोडी आणली. एका जोडीला एक खण पुरतो, असं मला वाटलं होतं. नाही पुरत. पहिली पिल्लं उडायच्या आत मादी पुढची अंडी घालते, म्हणून प्रत्येक जोडीला दोन परळ लागतात, मातीचे, पसरट. जागा कमी पडली की पार रक्त निघेपर्यंत भांडणं. त्यामुळे बाबा सारखे खण वाढवत असतात. कुणाच्या मोडक्या कपाटाच्या फळ्या आणायच्या, रंधा मारायचा, आणि भिंगरीने पॉलिश पेपर घासायचा. भिंगरी म्हणजे आमची मुलगी, साडेचार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. यंदाचा नवा खण दोघांनी मिळून केला, आणि त्यात होणारं पहिलं पिल्लू तिचं, असा आजोबा-नातीत करार झाला.

मग तिला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, साधा आहे. फोन म्हणाला, कबुतरांची पिसं, विष्ठा, फुप्फुसं. डॉक्टर फोनपेक्षा जास्त शिकलेले, मान्य. पण रात्री दोन वाजता जागा असतो तो फोनच. बाबांना "कबुतरं काढा" म्हणायची माझी छाती नव्हती. निदान वाढू तरी नयेत. दाणे विकणारा म्हणाला, "ताई, सोपं आहे. खरी अंडी काढा, खोटी ठेवा. मादी बसते, कंटाळते, उठते. कुणाला पत्ता लागत नाही."

खोटी अंडी मला शोधावी लागली नाहीत. मागे पाना शोधताना बाबांच्या हत्यारांच्या पेटीत दिसली होती. एका जुन्या मोज्यात, गाठ मारून; ती सोडून पाहिली होती. दोन, पांढरी, प्लास्टरची. एकाला केसासारखी चीर.

मंगळवारी दुपारी बाबा झोपले होते तेव्हा मी नव्या खणातली अंडी बदलली. खरी अंडी फेकायला म्हणून मोरीपर्यंत गेले आणि परत आले. हाताला ऊब लागत होती. शेवटी स्टीलच्या डब्यात कापूस अंथरून त्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, डाळींच्या डब्यांमागे सरकवला. मी शिकलेली बाई आहे. हे कशासाठी केलं, मला सांगता येणार नाही.

बुधवारी सकाळी भिंगरीने रोजच्यासारखं विचारलं, "फुटलं?"

"अजून नाही हं, राणी."

इतक्या सहज खोटं बोलता येतं, हे मला नवीन होतं.

त्याच रात्री साडेनऊला लाइट गेली. नवरा रात्रपाळीला. बाहेरच्या खोलीत एक मेणबत्ती, बाबा खुर्चीत, भिंगरी माझ्या मांडीवर.

"आजोबा, भुताची सांगा."

"नको हं बाबा," मी म्हटलं. "झोपायची नाही ही."

"ही झोपेल. तू तुझं बघ," बाबा म्हणाले, आणि हसले. माझ्याकडे बघत नव्हते.

"माझा एक मित्र होता. दातांच्या कवळ्या करायचा, म्हणून सगळे त्याला कवळीच म्हणायचे. दात मात्र त्याचे स्वतःचे, अगदी पक्के. त्याचीही ढाबळ होती. पण चिक्कू माणूस. एका मादीने अंडी घातली, ढाबळीत जागा नाही. दुसरा कुणी खण वाढवला असता. हा म्हणाला, फळीला पैसे पडतात, प्लास्टर घरचंच आहे. केली दोन अंडी. अशी हुबेहूब, की त्याच्या बायकोने एक उकळायला घेतलं."

भिंगरी खिदळली.

"खरी काढली, ही ठेवली. आता बघ, कबुतरांची पाळी ठरलेली. दिवसा नर बसतो, रात्रभर मादी. दुपार कलली की मादी येते, काठावर उभी राहते. नर उठतो, जागा देतो. ती खाली शिरते. अंडी उघडी राहत नाहीत. फुटायचे दिवस उलटले की खोट्या अंड्यांवरची मादी कंटाळून उठते. ही उठली नाही."

"का?"

"कुणी सांगावं? दाणे खायला उठेना. नुसती हाडं राहिली. कवळी म्हणायचा, आज काढतो अंडी, उद्या काढतो. त्याच्या दुकानात गर्दी. आणि एका सकाळी ती बसल्या जागी..."

"मेली?"

"मेली."

"मग अंडी?"

"राहिली तिथंच. प्लास्टरची अंडी, कुणाला घाई आहे? तिला त्याने कुंडीत पुरलं. नर आला, बसला. दुपार कलली. आणि नर उठला. काठावर सरकला. जागा दिली." बाबांनी खुर्चीचा हात चोळला. "जोडीदार गेल्यावर सवय लवकर मोडत नाही, असं कवळीला वाटलं. मलाही तसंच वाटलं असतं. पण रोज. रोज तो जागा द्यायचा, आणि मग वरच्या दांडीवर जाऊन निवांत झोपायचा. कुणीतरी बसलंय, अशा भरवशावर."

मेणबत्ती फडफडली. खिडकी मी मघाशीच लावली होती.

"थंडीचे दिवस होते. शुक्रवार. दुकान बंद करून कवळी घरी आला, जेवला. ढाबळीची कडी राहिली असेल म्हणून अकराच्या सुमाराला वर गेला. कडी लावलेलीच होती. आलोच आहे तर ती अंडी काढून टाकू, म्हणाला. बॅटरी मारली. खण रिकामा. परळात काड्या. काड्यांना खळगा. खळग्यात दोन अंडी. त्याने हात घातला..."

बाबा थांबले.

"गरम."

"चहासारखी?" भिंगरीने विचारलं.

"नाही. अंगासारखी." त्यांनी आपला हात पुढे धरला. "आणि मग त्याच्या हातावर काहीतरी बसलं. बॅटरी सरळ खणात धरलेली. हात दिसतोय. हातावर काही नाही. पण वजन... मऊ. बारीक धडधड. जरा इकडे हललं. जरा तिकडे. मादी बसताना हलते ना, अंडी पोटाखाली घेताना... तसं."

"बाबा, पुरे," मी म्हटलं.

"त्याने हात ओढला. कुणी धरला नव्हता. पण ओढला की खालून आवाज यायचा. घुमण्याचा नाही. कण्हल्यासारखा. थांबला... की आवाज थांबायचा. पुन्हा ओढला... पुन्हा." बाबांचा स्वतःचा हात हवेत तसाच. "सकाळी बायको शोधत वर गेली. हा उकिडवा. हात खणात. बोलेना. ती हाक मारतेय, रडतेय. मग उन्हं चढली. नर आला. काठावर उभा राहिला."

"आणि?"

"हात सुटला."

भिंगरी माझ्या खांद्यावर जड झाली होती. झोपली असावी.

"त्याने कबुतरं वाटून टाकली," बाबा म्हणाले. "परळ मला दिले. ती अंडीही. एकाला चीर गेलीय. बाहेरून मार लागल्यासारखी नाही ती. फेकवेनात. मोज्यात घालून गाठ मारलीय." ते उठले, चष्मा चाचपला. "ती गाठ कुणी सोडू नये, एवढंच."

त्यांना माहीत होतं का? अजूनही कळत नाही. "झोप आता," म्हणाले आणि चाचपडत आपल्या खोलीत गेले. त्यांचं दार लागल्याचा आवाज आला.

मी तशीच बसून राहिले. मग ठरवलं. काय व्हायचं ते होवो. पिल्लं होवोत, खोकला होवो, खरी अंडी आत्ताच्या आत्ता परत ठेवायची. दीड दिवसात ती जगली असतील की नाही, देव जाणे, पण ठेवायची. आणि सकाळी बाबांना सगळं सांगायचं.

भिंगरीला खांद्यावर तसंच घेऊन स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या हातात मेणबत्ती. ती ओट्यावर ठेवली. स्टूल आधीच फळीखाली ओढलेलं होतं, त्यावर चढले. डाळींचे डबे बाजूला. माझा डबा मागेच होता. पण झाकण निघालेलं होतं. शेजारी नीट ठेवलेलं.

डबा बाहेरून गार. थंडीत स्टील असतं तसा.

कापूस मी सपाट अंथरला होता. मला नक्की आठवतं. आता त्याला खळगा होता. गोल. दाबलेला.

अंडी दोन्ही होती.

बोट लावलं.

फ्रिज, असं मनाशी म्हटलं. फ्रिजची ऊब. फ्रिज समोरच्या भिंतीला आहे. आणि लाइट गेलेली.

हात मागे घेतला. झटकन. सुटला.

झाकण उचललं, बसवायला गेले. तेव्हा खांद्यावरून, माझ्या मानेत तोंड खुपसून, भिंगरी झोपेतल्यासारखी म्हणाली, "आई, ते लावू नको ना. मी मघाशी पण काढलं. तिची शेपटी अडकते."